सासूबाईंची उत्तरं, थोरलीच्या तोंडून

माझी थोरली जाऊ म्हणजे सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. आत्याच्या घरात सून होऊन आली, म्हणजे एका माहेरातून उठली आणि दुसऱ्या माहेरात बसली. मी पुण्याकडची, नोकरदारांच्या घरातली, नवऱ्याने हट्टाने पसंत केलेली. सासूबाई नेऱ्याला थोरलीजवळ राहतात, आम्ही रोडपालीच्या फ्लॅटमध्ये. दर रविवारी मी जाते, तोंड भरून ‘आई, आई’ करते. माझ्याशी त्या गोड बोलतात, ताटात जास्तीचं वाढतात. आणि थोरलीवर मात्र खेकसतात. “अगो, मीठ कुठं टाकलंस? डोकं ठिकानावर हाय का तुजं?” त्या खेकसण्याचा मला हेवा वाटतो. हो, हेवाच. माझ्यावर आजवर एकदाही आवाज चढवला नाही त्यांनी. परक्याच्या पोरीवर कोण चढवेल?

गेल्या वर्षी त्यांचं कमरेचं दुखणं पायात उतरलं आणि डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय काढायला सांगितला. पनवेलला अपॉइंटमेंट मी घेतली, ऑफिसात सुट्टी मी टाकली, कळंबोलीच्या ट्रकांमधून गाडी काढत नेऱ्याला मी गेले. सासूबाई थोरलीला घेऊन मागच्या सीटवर बसल्या. माझ्या शेजारची सीट रिकामी. पनवेल येईपर्यंत दोघींची कुजबुज चाललेली आणि मी आपली ड्रायव्हर!

सेंटरवरच्या टेक्निशियन मुलीने आम्हाला बाकावर बसवून नीट समजावलं. “आजी, आत मोठा लोहचुंबक आहे आणि तो कायम चालू असतो. अंगावर किंवा अंगात काहीही धातूचं असेल तर आधी सांगा, नाहीतर इजा होऊ शकते.” मग एकेक प्रश्न सुरू झाला. आता, आपल्याकडे पेशंटला प्रश्न विचारला की उत्तर कोण देतं? ज्याचा आवाज मोठा तो.

“हृदयाला मशीन बसवलंय?”

“नाय,” थोरली म्हणाली.

“कानात काही यंत्र?”

“नाय वो, पल्याडच्या घरातलं भांडान ऐकते आत्या.”

“कसलं ऑपरेशन? सळी, क्लिप? तांबी वगैरे बसवली होती का?”

थोरली खो खो हसली. “या वयात तांबी? कायबी नाय. आत्याचं सगलं माना ठाव हाय.”

“आजींनाच सांगू द्या ना,” ती मुलगी म्हणाली.

“आत्या माज्याच तोंडानं बोलते,” थोरली म्हणाली, आणि सासूबाईंनी मुकाट मान डोलावली. माझा नुसता तिळपापड झाला. आत्याचं सगळं हिला ठाऊक! मला काय ठाऊक होतं? त्यांची चहातली साखर. गळ्यातलं, कानातलं, पाटल्या, सगळं थोरलीने भराभर उतरवलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. “तू घेतेस का?” एवढं नुसतं विचारलं असतं तर काय तिची जीभ झडली असती?

मग कपडे बदलायची वेळ आली. खोली एवढीशी, सोबत एकीलाच जागा. थोरली पदर खोचून उठलीच होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “तू बस गो. धाकटीला येऊ दे.”

थोरलीचं तोंड बघण्यासारखं झालं, आणि मी ते मनसोक्त बघून घेतलं.

आत मी त्यांच्या अंबाड्यातले आकडे काढले, निऱ्यांची पिन काढली, ब्लाउजचे हूक सोडले. गाऊन पुढे केला तर त्या भिंतीला टेकून तशाच उभ्या.

“तो चुंबक पोटातलंबी खेचतो काय?”

“पोटात काय आहे तुमच्या?”

त्यांनी आधी दाराची कडी लागलीय ना ते बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात सांगितलं. “तुजा नवरा झाल्यावर तांबी बशिवली होती. दवाखान्यातल्या बाईनं गुपचूप. सासूला ठाव नाय, मामंजींना नाय, तुज्या सासऱ्यांनाबी नाय. आनखी पोरं नको होती गो, जीव थकला होता. मंग काढायची रायली ती रायलीच.”

मी हादरले. थोरलीच्या मघाच्या ‘नाय’वर विसंबून बाई थेट मशीनमध्ये गेली असती! त्यांना विचारून मी टेक्निशियनला आत बोलावलं. ती जराही हसली नाही. “बरं झालं आजी, सांगितलंत. तांबीला बहुतेक वेळा काही होत नाही. पण तुमची जुनी आहे, कुठल्या धातूची ते माहीत नाही. आधी एक्स-रे काढू, डॉक्टर बघतील आणि मग ठरवू.” बाहेर थोरलीला काय सांगायचं? “मणक्याचा एक फोटो आधी काढतात म्हणून सांगते,” असं म्हणून ती गेली.

एक्स-रे झाला. डॉक्टरांच्या निरोपाची वाट बघत आम्ही दोघी परत त्या खोलीत बसलो होतो. बाहेर थोरली येरझाऱ्या घालत होती, तिच्या चपला ऐकू येत होत्या. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! आता मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. पण तेवढ्याने माझं पोट भरेना. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“आई,” मी अगदी लाडात म्हटलं, “ताईंना नाही सांगितलंत, मला सांगितलंत?”

सासूबाईंनी माझ्याकडे नवलाने बघितलं.

“तिला कसं सांगू? ती घरची हाय. उद्या सकाली उठून तिच्या तोंडाकडं बघायचं हाय माना. तुजं काय गो, तू जाशील संध्याकाली तुज्या घरी.”

दार वाजलं. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. मी सासूबाईंच्या गाऊनच्या पाठीमागच्या सैल झालेल्या नाड्या पुन्हा बांधल्या आणि दार उघडलं.