वेडूनाना गाडीत बसले की करंट जायचा

आधीच सांगतो, मी वायरमन माणूस. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. वायर तुटते, गंजते, ढिली होते, नाहीतर जळते — पाचवं कारण नसतं, असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. आमचं घर ख्रिस्ती, नवापूरकडच्या डोंगरातलं. भुताखेतांच्या गोष्टी आई घरात काढूच द्यायची नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे, आणि ती सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहितो.

काळ साठ सालाच्या आसपासचा. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, सगळं धुळ्यातच. शहाद्यात वेडूनाना नावाच्या मिस्तरींचं गॅरेज होतं. मी सतराव्या वर्षी त्यांच्याकडे गेलो आणि आठ वर्षं राहिलो. झोपायला गॅरेजमागची खोली, जेवायला नानांचंच घर. माझं नाव शमुवेल. ते त्यांच्या जिभेला जमेना, म्हणून त्यांनी मला शाम केलं, आणि मग गावानंही. वडील मी लहान असतानाच गेले होते. नानांनी मला डायनामोच्या अर्मेचरला तार गुंडाळायला शिकवलं, गाडी चालवायला शिकवलं, तापात उशाशी बसले. बाप म्हणजे काय, ते मला नानांवरून कळलं, असं म्हटलं तरी चालेल.

नानांची एक पिकअप होती. मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली. कापसाच्या दिवसांत ती प्रकाशा गावाकडच्या गुजर शेतकऱ्यांचा माल जिनिंगवर आणायची. त्या वर्षी नानांचा उजवा हात जॅकखाली सापडून मोडला होता, त्यामुळे गाडी मी चालवायचो आणि नाना शेजारी बसायचे.

त्याच हंगामात एका सकाळी प्रकाशाला, कापूस भरून झाल्यावर, मी इंजिन चालू करायचं सेल्फचं बटण दाबलं — आणि काहीच नाही. हॉर्न नाही, दिवा नाही, अँपिअरचा काटा शून्यावर. जणू बॅटरीच कुणी काढून नेली. बॉनेट उघडून बघावं म्हणून मी उतरलो, बॅटरीला टेस्ट लॅम्प लावला... फुल उजेड! परत बसलो, बटण दाबलं, पुन्हा शून्य. नाना लघवीला म्हणून उतरले, मी सहज बटणाला हात लावला, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. डिझेल इंजिनाचं बरं असतं, एकदा चालू झालं की त्याला करंट लागत नाही. घरी आलो. लूज कनेक्शन असणार म्हटलं आणि सगळी टोकं घासून घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, कायमचा बिघाड परवडतो. पण येतो-जातो असा फॉल्ट माणसाला वेड लावतो. शोधायला जावं तेव्हा तो नसतो. मी एक वही केली, पहिल्या दिवसापासूनचं आठवून. कधी बंद पडली, ऊन किती, माल किती, रस्ता कसा, गाडीत कोण, सगळं लिहायचं. बॅटरी बदलली, अर्थची पट्टी बदलली, मेन स्विच नवा टाकला. फॉल्ट जसाच्या तसा.

याच दरम्यान माझ्या घरी जे घडलं ते आता सांगायला हवं. नाताळच्या थोडं आधी नवापूरच्या बाजारातला एक ओळखीचा माणूस शहाद्यात भेटला आणि आई गेल्याचं त्यानं मला सांगितलं. जाऊन तीन आठवडे झाले होते. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नऊ दिवस होती म्हणे. मी तसाच निघालो. घरी थोरला भाऊ पौलुस दारातच उभा. आम्ही घरात आमची कोकणी बोलतो, म्हणजे डोंगरातल्या कोकणा लोकांची बोली, त्याचं बोलणं मराठीत सांगतो. तो म्हणाला, "बोलावलं तेव्हा आला नाहीस. आता कशाला आलास?" मी म्हणालो, कधी बोलावलं? तो म्हणाला, पत्र टाकलं होतं, स्वतःच्या हातानं टाकलं. मी म्हणालो, मला पत्र मिळालं नाही. त्याला वाटलं मी खोटं बोलतोय. मला वाटलं तो खोटं बोलतोय. कळवायचं राहून गेलं आणि आता माझ्यावर ढकलतोय. आईच्या मातीवर उभं राहून आम्ही भांडलो. त्यानंतर बोलणं बंद.

परत येऊन मी नानांपुढे रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. भाऊबंदकी अशीच असते म्हणाले, तुझ्या भावानं पत्र टाकलंच नसणार. पुढे वर्षभर विषय निघाला की ते हेच म्हणायचे. आणि मला त्याचा आधार वाटायचा.

पुढचा कापूस आला तेव्हा वहीत चाळीसेक नोंदी झाल्या होत्या. एका दुपारी मी त्या ओळीनं वाचल्या. ऊन, थंडी, माल, रस्ता, कशाचाच मेळ नव्हता. मेळ एकाच गोष्टीचा होता. दर वेळी गाडी बंद पडली तेव्हा केबिनमध्ये नाना आणि मी, असे दोघं होतो. हात बरा झाल्यावर नाना एकटे गाडी नेत, तेव्हा ती कधी बंद पडली नाही. मी एकटा असताना नाही.

मी नानांना ते सांगितलं नाही, कारण मलाच हसू आलं. मनात म्हटलं, सीटखाली एखादी वायर सोललेली असेल, दोघांच्या वजनानं दबत असेल. नानांच्या वजनाइतकी सरकीची पोती शेजारी ठेवून बघितलं. गाडी चालू. हिरालालभाई नावाचे एक गुजर शेतकरी होते, नानांच्या दीडपट, त्यांना विनंती करून बसवलं. त्यांना गंमत वाटली, पण बसले. दहा वेळा बटण दाबलं, दहा वेळा चालू. मग सीटच काढली, खालची वायर नवी घातली, वरती लाकडी फळी टाकली. नाना फळीवर बसले... शून्य.

आता एकच जागा बघायची राहिली होती, डॅशबोर्डच्या आतली वायरांची जुडी. तिथे हात घालायचं मी वर्षभरात दोन-तीनदा काढलं होतं आणि दर वेळी नानांनी नको म्हटलं होतं. पत्रा सडलाय, खोललास तर परत बसणार नाही. उस्तादांचा शब्द, म्हणून मी गप्प बसलो होतो. त्या दिवशी मात्र ऐकलं नाही. टळटळीत दुपार होती, गाडी गॅरेजच्या अंगणात लिंबाखाली उभी. फॉल्ट नाना बसल्याशिवाय येत नाही, तेव्हा तुम्ही बसून राहा, असं मी त्यांना सांगितलं. ते बसले.

मी टेस्ट लॅम्पचा चिमटा मेन स्विचच्या पुढच्या वायरला लावला. दिवा मेलेला, म्हणजे फॉल्ट हजर होता. मग आठ स्क्रू काढून डॅशचा पत्रा पुढे ओढला. आत हात घातला. वायरी सगळ्या धड, एकीचीही साल निघालेली नाही. जुडीपासून वीतभर लांब, काचेखालच्या फटीच्या तळाशी, बोटांना कागद लागला. तो मी ओढून बाहेर काढला.

आणि टेस्ट लॅम्प पेटला.

मी वायरला हात लावला नव्हता. चिमटा होता तिथेच होता. मला वाटलं, सापडला फॉल्ट, याच कागदाच्या आड काहीतरी असणार. म्हणून हातातला कागद बघितला. पोस्टकार्ड होतं. अक्षर पौलुसदादाचं.

"आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात आहे. पाणीसुद्धा चमच्यानं घेते. तुझं नाव घेते. पत्र मिळताच निघ."

कार्ड पोचल्याचा शहाद्याच्या टपालाचा शिक्का तारखेसकट स्पष्ट होता. वही सीटवरच पडली होती. मी पहिलं पान उघडलं. गाडी प्रकाशाला पहिल्यांदा बंद पडली ती त्या शिक्क्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा आई जिवंत होती. पुढे आठवडाभर जिवंत होती. शहाद्याहून नंदुरबार, तिथून रेल्वे... सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी तिच्याजवळ असतो.

मी नानांकडे बघितलं. ते समोर काचेतून बाहेर बघत होते. तसेच त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "दोन खेपा हुई जाऊ दे, मंग देसू, आसं व्हतं मन्हा मनमा. मन्हा हात मोडेल, गाडी तूच चालाडे. कार्ड तठे फटमा ठेवं, ते मझार सरकी गयं. आन मंग तुन्ही माय गयी. मंग कशी देतू?" हात मोडलेला, गाडी चालवायला मीच, म्हणून दोन खेपा होईपर्यंत कार्ड फटीत ठेवलं, ते आत सरकलं, आणि तेवढ्यात आई गेली.

मी म्हणालो, "वरीसभर मन्हा भाऊले खोटा म्हनत ऱ्हायनात तुम्ही."

पोस्टमननं ते कार्ड त्यांच्या हातात दिलं, तेव्हा मी दहा पावलांवर बॅटरीत पाणी भरत होतो, एवढं त्यांनी तिथेच कबूल केलं. दहा पावलं.

का कोण जाणे, मी त्या वेळी सेल्फचं बटण दाबलं. नाना शेजारी, मी स्टेअरिंगवर, डॅशबोर्ड अर्धा लोंबतोय, आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं. मी बंद केलं, परत दाबलं. परत चालू. सात-आठ वेळा केलं. नाना हलले नाहीत. मग उतरलो, खोलीतून कपडे घेतले आणि त्याच दुपारी शहादा सोडलं. हत्यारं तिथेच ठेवली. ती त्यांनीच दिलेली होती.

पौलुसदादानं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, मी दुसरं पत्रही टाकायला हवं होतं, रागानं टाकलं नाही. आणि मग त्यानं वर्षभर जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दवाखान्याच्या आवारात कोणतीही मोटार आली की आई मान उचलायची आणि विचारायची, शमुवेल आला का? शेवटच्या दिवशीसुद्धा.

मी पुढे तळोद्याला स्वतःचं दुकान टाकलं. नानांनी दोनदा निरोप पाठवला, मी गेलो नाही. ते गेले तेव्हाही गेलो नाही. लोक म्हणाले, ज्यानं हातात विद्या दिली त्याच्या मातीला तरी जायचं होतं. लोकांना कार्डाचं माहीत नव्हतं. ती पिकअप नंतर बरीच वर्षं दुसऱ्याकडे चालली आणि तिच्या करंटची तक्रार कधी आली नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

माझा पुतण्या इंजिनिअर आहे. तो म्हणतो, काका, पत्रा ओढताना कुठलं तरी कनेक्शन जागेवर आलं असणार. असेल. पण मग हिरालालभाई बसले तेव्हा गाडी का चालू झाली? पोती का चालली? फळी टाकूनही नाना बसले की काटा शून्यावर का यायचा? साठ वर्षं झाली, वही अजून माझ्याकडे आहे, उत्तर नाही. गाडीला काही कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. नानांना मात्र सगळं माहीत होतं, आणि तरीही ते रोज माझ्या शेजारी बसत होते.