एका वर्षाचं रीडिंग

घर बांधून झालं की मागच्या अंगणात उरलेल्या टाईल्सचा ढीग राहतो, बघा. दोन पांढऱ्या, तीन निळ्या, एक अर्धी. फेकवत नाहीत आणि कुठे लावताही येत नाहीत. आमच्या धंद्यातले किस्से तसेच. पंचवीस वर्षांत एवढे साचलेत की कोणी चहाला बसलं की मी सुरू होते. बसणारी माणसं कमी झालीत, हा भाग वेगळा.

आधी मंडळी सांगते. वर्ध्यात आमचं छोटं ऑफिस आहे. नकाशे मी काढते. वीज आणि पाणी बन्सोडांकडे, ते इंजिनिअर. बांधकाम मारोतराव मिस्त्रींकडे. आणि आम्हा तिघांना एका टेबलाशी बसवणारा माझा नवरा, अविनाश. भिंत, छप्पर, खिडकी, पाणी, वायर या सगळ्यांचा विचार एकाच बैठकीत झाला पाहिजे, आणि तोही पाया खणायच्या आधी, हा त्याचा हट्ट. "आधी भिंत बांधायची, मग पाइपासाठी फोडायची, मग उकडतं म्हणून कूलर लावायचा. याला घर नाही म्हणत, मलमपट्टी म्हणतात," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. काही गिऱ्हाइकं चहा न पिताच उठून जायची.

दुसरा हट्ट रीडिंगचा. बांधायच्या आधीच आम्ही कॉम्प्युटरवर शीट भरतो, कोणत्या महिन्यात कोणती खोली किती तापेल त्याची. घर ताब्यात दिलं की आत थर्मामीटर टांगायचा आणि घरच्यांनी वर्षभर सकाळी सहाला आणि दुपारी तीनला आकडा कळवायचा. मधे कुठे चुकलं तर चूक आमची, शोधून दुरुस्त करून द्यायची. पण शेवटच्या दिवशी आकडा शीटशी जुळलाच पाहिजे. जुळला की घर पास.

अविनाश जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा आमचं स्वतःचं घर नुकतं पायाच्या वर आलं होतं. मुलगी मुक्ता पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. ती म्हणाली, "आई, एवढ्या घरात एकटी काय करशील? माझ्याकडे चल." मी वेळ मारून नेली. म्हटलं, ऑफिसचा नियम आहे, वर्षभराचं रीडिंग होऊ दे. जुळलं तर मी इथेच राहीन, नाही जुळलं तर निमूट तुझ्या मागे येईन. यात काहीतरी इंजिनिअरिंग असेल असं समजून तिनं मान्य केलं. ते वर्ष गेल्या आठवड्यात संपलं. त्याचं सांगतेच, पण आधी बाकीचे किस्से.

*

हिंगणघाटच्या एका घराच्या विजेच्या यादीत अविनाशनं लिहून ठेवलं: "एसी, एक नग, पश्चिमेला." वायरिंगवाला दोन दिवस नकाशात पॉइंट शोधत बसला. शेवटी वैतागून आला, "साहेब, एसी लिहिला हाये पण पॉइंटच नाई."

अविनाशनं त्याला आणि मालकाला धरून बाहेर नेलं. पश्चिमेला एक जुना कडुनिंब होता आणि मालक तो पार्किंगसाठी तोडायला निघाला होता. "हा घ्या एसी," अविनाश म्हणाला, "याला पॉइंट लागत नाही."

निंब वाचला. वायरिंगवाला मात्र वर्षभर सांगत फिरला की वर्ध्याचे साहेब कामातून गेले.

*

एकाला पश्चिमेची अख्खी भिंत काचेची पाहिजे होती. "नागपूरले सगळ्यायच्या हाये," हे कारण. मी समजावलं, बन्सोडांनी आकडे दाखवले, माणूस ढिम्म हलेना.

मारोतराव त्याला म्हणाले, "चाला साहेब, तुमच्या गाडीत बसू थोडं." दुपारचे दोन, मे महिना, गाडी उन्हात उभी. मारोतरावांनी चारी काचा वर करायला लावल्या, एसी लावू दिला नाही, आणि शांतपणे तंबाखू मळायला घेतला. तंबाखू तोंडात जायच्या आतच साहेब दार उघडून बाहेर.

"काऊन उतरले?" मारोतराव आतूनच म्हणाले. "हेच तं बांधाचं हाये नं?"

*

आम्ही विटा आडव्या न ठेवता उभ्या ठेवतो. मधे पोकळी राहते, तिच्यातली हवा ऊन अडवते आणि विटाही कमी लागतात. अल्लीपुरात एका शेजाऱ्यानं अशी भिंत ठोकून पाहिली. आवाज आला पोकळ. झालं, मिस्त्रीनं विटा खाल्ल्या अशी गावभर बोंब. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव भिंत ठोकायला हजर.

मारोतरावांनी शेजाऱ्याला विचारलं, "तुमच्या घरी थर्मास हाये का?"

"हाये."

"थो पोकळ हाये का भरीव?"

मारोतरावांनी त्याला तिथेच थांबवून घेतलं, आता आलेच हा तं तीनचं रीडिंग पाहूनच जा म्हणून. तीनला मी थर्मामीटर पाहायला गेले, तर शेजारी नव्या फरशीवर पंचा पसरून घोरत पडलेला. मारोतरावांनी मला दारातच अडवलं.

"हळू बोला, बाई. साक्षीदार झोपला हाये."

*

रोहण्याचा किस्सा मी पूर्वी हसून सांगायचे. तिथे एका मुलानं आईसाठी घर बांधून घेतलं. स्वतः नोकरीला बेंगळुरूला. घर झकास झालं, रीडिंग जुळत होतं, पण मे महिन्यात वीज दुप्पट जळायला लागली. मुलाचे फोनवर फोन: "मॅडम, कूलर लागणार नाही म्हणाला होतात तुम्ही."

बन्सोड गेले. पंप पाहिला, फ्रीज पाहिला, अर्थिंग पाहिलं. काही सापडेना. मागच्या खोलीत डोकावले, तर जुना लोखंडी कूलर धडधडत चालू. टाकीत पाण्याचा थेंब नाही, खोलीत माणूस नाही.

"आजी, कूलर लावला तं पाणी तरी टाका."

"पाणी कायले टाकू, बाप्पा? घर तं गारच हाये," आजी म्हणाल्या. "मले आवाज पाह्यजे."

बन्सोडांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, "दोष आढळला नाही." मुलाला काय सांगावं हे मात्र त्यांना सुचेना. दोन दिवस त्यांनी त्याचा फोनच उचलला नाही.

आता मी हसत नाही. नव्या घरात माझा पहिला मे महिना आला तेव्हा दुपारी पंख्याशिवाय बसता यायचं, इतकं छान गार. आणि इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा राग यायचा. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मुक्ताचा फोन आला की मी सांगायचे, "मजेत आहे, बाहेर पंचेचाळीस आणि आत तीस." ती म्हणायची, "मी तुझं विचारतेय, आई, घराचं नाही."

*

आष्टीचे एक निवृत्त गुरुजी. बायको गेलेली, मुली सासरी. रोज तीनच्या ठोक्याला फोन: "मॅडम, आज एकतीस. वर्ध्याले काय म्हणते ऊन?" वर्ष संपलं तेव्हा मी म्हटलं, "गुरुजी, तुमचं घर पास झालं, आता कळवायची गरज नाही." "बरं बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तीनला फोन. तिसऱ्या दिवशीही. अशी अडीच वर्षं झाली. मी पण आकडा लिहून घेत राहिले.

एकदा मारोतराव कामानं आष्टीला गेले, म्हणून गुरुजींकडे डोकावून आले. आल्या आल्या म्हणाले, "बाई, त्यायचा थर्मामीटर तं बंद पडला हाये. आकडाच दिसत नाई त्यात."

त्या दिवशी तीनला फोन आला. "मॅडम, आज अठ्ठावीस."

"गुरुजी, सेल कधी संपला?"

मग म्हणाले, "मागच्या दिवाळीत."

"मग आकडे कुठून आणता?"

"अंदाजानं सांगतो. चुकलो का कधी?"

मी वही काढून शीटशी ताडून पाहिली. एकदाही चुकले नव्हते. नवा सेल पाठवते म्हटलं, तर म्हणाले, घाई नाही.

माझंही आता तसंच झालंय. सहाला आणि तीनला मी माझ्या घराचं रीडिंग बन्सोडांना पाठवते. त्यांचं उत्तर ठरलेलं, "ओके मॅडम." दिवसातून दोनदा कोणीतरी आपल्याला ओके म्हणतं, यावर मी खूश असते.

*

आता माझ्या घराचं. उन्हाळा उत्तम गेला, आकडे शीटपेक्षाही थोडे कमीच. उन्हाळ्यात कमी आकड्याची कोणी तक्रार करत नाही. डिसेंबर लागला आणि झोपायच्या खोलीत सकाळचं रीडिंग हुकायला लागलं. शीट म्हणते एकोणीस, थर्मामीटर म्हणतो अठरा. रोज एकानं कमी. एका डिग्रीनं काय होतं म्हणाल, तर एका डिग्रीसाठी आम्ही लोकांच्या खिडक्या काढून पुन्हा बसवून दिल्यात.

बन्सोड उदबत्ती घेऊन आले. प्रत्येक फटीशी धरून पाहिली, धूर हलतो का म्हणून. हलला नाही. आपल्या भिंतीवर संशय घेतला म्हणून मारोतराव फुगले. अख्खी खोली ठोकून काढली आणि म्हणाले, "भिंत बरोबर हाये. बाई, तुमचं कॉम्प्युटरच बिघडलं असन." बन्सोडांनी थर्मामीटर बदलला. नव्यातही अठरा.

दोघं गेल्यावर मी शीट उघडली. ती अविनाशनं भरलेली, बांधकाम सुरू व्हायच्या आधी. त्याचं काम तपासायची मला कधी सवयच नव्हती. एकेक ओळ पाहत गेले. भिंत बरोबर, छप्पर बरोबर, खिडकी बरोबर. खाली एक रकाना असतो, खोलीत झोपणारी माणसं किती. माणसाच्या अंगाचीही ऊब असते, बंद खोलीत ती हिशोबात धरावी लागते. त्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, दोन.

दोनचा एक केला की शीटही अठरा म्हणणार होती. घर पास, मी वर्ध्यात. एवढंच करायचं होतं. बोट एकच्या बटणावर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. नाही झालं माझ्याच्यानं. अविनाशचा आकडा मला पुसवेना. शीट बंद केली आणि पोटभर रडले. बन्सोडांना काही सांगितलं नाही. मुक्ताला फोन करून म्हटलं, "एका डिग्रीनं नापास होतंय घर."

"मग मी न्यायलाच येते," ती म्हणाली.

वर्ष संपायच्या आदल्या संध्याकाळी ती आली. माझी पुस्तकं भरायला सोबत रिकामे खोके. तिची वरची खोली मी झाडूनपुसून ठेवली होती. वर गेली आणि पाच मिनिटांत उशी घेऊन खाली आली. "वर एकटीला नको वाटतं गं," म्हणाली आणि पलंगावर बाबा झोपायचे त्या बाजूला आडवी झाली. लगेच झोपलीसुद्धा.

सकाळी सहाला मी उठले. ती माझी अर्धी रजई ओढून गाढ झोपेत. चष्मा लावून थर्मामीटर पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एकोणीस.

सवयीनं आकडा बन्सोडांना पाठवला. वर्षात पहिल्यांदा "ओके मॅडम" आलं नाही, सरळ फोनच आला.

"मॅडम, जुळलं नं शेवटी! काय दुरुस्त केलं?"