चौथ्या मजल्यावरचे डाळिंब

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीतून आम्ही इराणमधल्या इस्फहानला जात असू. नेणारे फरामर्झ आगा. दाराशी उभे राहून ते प्रत्येकाला बूट काढायला लावत. आत कार्पेटवर त्यांनी निळ्या चिकटपट्टीने एक लांबट चौकोन आखलेला असे. ते नक्श-ए-जहान मैदान. एका बाजूची खुर्ची म्हणजे राजवाडा, तिच्या समोरची खुर्ची म्हणजे मशीद. "मॅडम, आपण कारंज्यात उभ्या आहात," असे ते अत्यंत गंभीरपणे म्हणत, आणि सत्तरीची एखादी ऑस्ट्रेलियन बाई खरोखरच दोन पावले मागे सरत असे.

या मैदानातून निघून एका दुपारी एक शहर, असा त्यांचा हिशेब. शिराझच्या दिवशी बागा, यझ्दच्या दिवशी छपरांवरचे वारा ओढून घेणारे मनोरे, काशानच्या दिवशी गुलाबपाण्याची बाटली हातोहात फिरे. चित्रे ते क्वचितच दाखवत. "चित्र पाहिलं की माणूस पोहोचला असं समजतो," ते म्हणत, "आणि मग चालत नाही."

बंदरावरच्या पोलादाच्या कारखान्यात ते नकाशे काढण्याचे काम करत. मी नागपूरहून इंजिनिअर म्हणून तेथे आलो, तेव्हा ते निवृत्तीला आले होते. कारखाना त्यांना फ्रँक म्हणे. मी आगा म्हणू लागलो, कारण त्यांच्याकडे थोर माणसाला तसे म्हणतात, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता. मी जेवणाचा डबा उघडला की ते मराठी शब्दांची झडती घेत. दरवाजा, कागद, बाग, हजार, हप्ता, सगळे फारसीतून आलेले. "मिलिंद-जान, आमची अर्धी भांडी तुझ्या स्वयंपाकघरात आहेत," ते म्हणत. "वापर, वापर. नो वरीज."

तारोफ हा शब्दही मला त्यांनीच शिकवला. इराणी माणसे एकमेकांना जो आग्रह करतात आणि एकमेकांना जो नकार देतात, त्या साऱ्या शिष्टाचाराचे हे नाव. त्यांच्या घरी प्रथम गेलो तेव्हा त्यांनी चहा विचारला आणि मी लगेच हो म्हणालो. चहा आला, सोबत शिकवणीही आली.

"पहिलं आमंत्रण हवेतलं असतं. त्याला नाही म्हणायचं. दुसरं भिंतीआडचं. तेव्हाही नाही."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्यांदा बोलावलं, तर माणूस दारात उभा आहे. मग आत जायचं. तेव्हाही नाही म्हणणारा एक तर गाढव, नाही तर शत्रू."

गेल्या वर्षी आगा गेले. झोपेतच गेले. त्यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे, ते त्यांच्या हयातीतच त्यांना सांगून झाले होते, एवढ्या एका गोष्टीमुळे मी आज हे शांतपणे लिहू शकतो.

काही वर्षांपूर्वी, तिकडे जाणे सोपे होते तेव्हा, मी आणि माझी पत्नी सुजाता आठ दिवसांच्या सहलीला गेलो. शिराझ, यझ्द, इस्फहान, काशान. अर्थातच आगांच्या शनिवारांनी आम्हांला हे वेड लावले होते. निघण्यापूर्वी त्यांनी मला एक फोन नंबर दिला. इस्फहानला त्यांची धाकटी बहीण राहत असे, मेहरीखानम, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. तीस वर्षांहून अधिक काळ भावाबहिणींनी एकमेकांना पाहिले नव्हते. फोन होत, पण व्हिडिओ लावायला दोघेही तयार नसत. तुझ्या डोक्यात आहे तीच मेहरी राहू दे, असे ती म्हणे, आणि आगाही ते मान्य करत.

"काही न्यायचं नाही, काही आणायचं नाही," आगा मला म्हणाले. "फक्त जा. तिच्यासमोर बस. आणि परत येऊन मला सांग, ती कशी दिसते."

इस्फहानमध्ये आम्हांला एक मोकळी दुपार होती. सुजाता इतरांबरोबर बाजारात गेली आणि मी हॉटेलातून फोन केला. मेहरीखानमचे इंग्रजी स्वच्छ, वर्गात ऐकू यावे असे होते. त्यांनी जेवायला बोलावले. मी म्हणालो, आपल्याला त्रास नको. त्यांनी पुन्हा बोलावले. मी म्हणालो, वेळ फार थोडा आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्या भावाला रोज पाहता. मला तुम्हांला पाहायचं आहे. तांदूळ भिजवले आहेत." मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "जशी आपली इच्छा," आणि फोन ठेवला.

हा तारोफ होता, असे मी स्वतःला त्या दिवशी अनेकदा सांगितले. तो तसा नव्हता, हे मला त्याच क्षणी ठाऊक होते. खरे कारण लहान आणि लाजिरवाणे होते. एका अनोळखी वृद्ध स्त्रीच्या डोळ्यांतले पाणी, तिचे निरोप, तिचे प्रश्न यांचे ओझे मला त्या सुंदर दुपारी नको होते. त्यांच्याच शिष्टाचाराचा मी आडोसा केला आणि नदीवर जाऊन तेहेतीस कमानींच्या पुलाचे फोटो काढत बसलो. नदी कोरडी होती.

आम्ही वॉलॉंगॉंगला परतलो, तेव्हा आगा आमच्या घराच्या पायऱ्यांवरच वाट पाहत उभे होते. "बसलास तिच्यासमोर?"

"बसलो," मी म्हणालो.

"कशी आहे?"

एकदा खोटे बोलल्यावर त्याला छप्पर, भिंती, सगळेच द्यावे लागते. केस पांढरे, पण दाट, मी सांगितले. हसणे आपल्यासारखे. आणि त्यांनी काही अधिक विचारू नये म्हणून मी आपण होऊनच म्हणालो, "अंगणात डाळिंबाचं झाड आहे. आम्ही त्याच्याखाली चहा घेतला."

आगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "फळं धरली होती?"

"होती. लहान होती."

"छान," ते म्हणाले. "छान."

पुढच्या शनिवारी त्यांनी निळ्या चौकोनाच्या बाहेर, कोपऱ्यात, एक हिरवा ठिपका चिकटवला. "हे माझ्या बहिणीचं घर. अंगणात डाळिंब आहे. आपले मिलिंद त्याखाली बसून आले आहेत." जमलेली आठही माणसे माझ्याकडे आदराने वळली. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात एका बाईंनी विचारले की फुले कोणत्या रंगाची असतात, आणि आगांनी अदबीने हात माझ्याकडे केला. मी लाल म्हणालो. घरी परतताना सुजाता गाडीत म्हणाली, "तुम्ही सांगणार आहात, की मी सांगू?" मी रेडिओ लावला. असे सात शनिवार गेले.

आठव्या शनिवारी लोक गेल्यावर आम्ही खुर्च्या घड्या करत होतो. कोपऱ्यातला हिरवा ठिपका काढण्यासाठी आगा गुडघ्यांवर बसले, आणि त्यांना उठता येईना. मी हात दिला. ते माझा हात धरून उभे राहत असतानाच माझ्या तोंडून निघाले, "आगा, मी गेलो नव्हतो. मी तुमच्या बहिणीला पाहिलंच नाही. झाड मी मनाने लावलं."

त्यांनी माझा हात सोडला नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "मेहरी चौथ्या मजल्यावर राहते. अंगण कुठलं आलंय!"

"मग तुम्ही दर वेळी..."

"तू इतक्या लांबून माझ्यासाठी झाड आणलंस. ते घेणार नाही, असं मी कसं म्हणू?" मग त्यांच्या मिशा हलल्या. "आणि म्हटलं, पाहू तरी, किती दिवस पाणी घालतोस."

मला हसावे की रडावे ते कळेना. मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी मला थांबवले. "बस, बस. माझ्याकडे नको. भात माझा वाया गेला नव्हता, तिचा गेला; तिनेच मला सांगितलं. घरी चल, तिला फोन लाव."

आगांचे घर म्हणजे कारखान्याच्या मागच्या रस्त्यावरची दोन खोल्यांची सदनिका. खिडकीसमोर वाहनतळाची भिंत. त्यांनी टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला. इस्फहानमध्ये तेव्हा सकाळ होती. मी माझे नाव सांगितले आणि पाठ केल्यासारखे एका दमात सारे कबूल केले.

"दोन दिवस तो भात मी एकटीने खाल्ला," मेहरीखानम म्हणाल्या. "आंबट बेरी घातलेला भात शिळा चांगला लागत नाही."

"मला क्षमा करा."

"यायचं नव्हतं, तर एकदाच सरळ नाही म्हणायचं होतं. मी शिक्षिका आहे, मला मुलांचा नकार कळतो." त्या थांबल्या. "आता तुम्ही खरं बोलायला लागलाच आहात, तर मला एक खरं सांगा. फरामर्झ म्हणतो, त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो. म्हणतो, त्या शनिवारी चाळीस माणसं त्याला ऐकायला येतात. हे खरं आहे का?"

मी आगांकडे पाहिले. ते टेबलावरच्या साखरेच्या वाटीकडे पाहत होते. महिन्याच्या शनिवारी आठ माणसांसमोर शहरे उभी करणारा तो माणूस एकदम फार म्हातारा दिसू लागला. खोटे बोलण्याचे कारण मला त्यापूर्वी कधी इतके चांगले मिळाले नव्हते. आगांनी मान वर केली आणि अगदी किंचित हलवली. सांग, असे ते होते.

"समुद्र खिडकीतून दिसत नाही," मी म्हणालो. "जिन्यात उभं राहिलं तर थोडा दिसतो. आणि चाळीस नाही, आठ माणसं येतात. पण दर वेळी तीच आठ येतात."

मग मेहरीखानम हसल्या. "आठ? माझ्या वर्गात चाळीस होते, मिस्टर मिलिंद, आणि ऐकणारे आठच होते." नंतर त्या फारसीत काही बोलल्या. आगांचा हात फोनकडे गेला आणि तसाच थांबला.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"कॅमेरा लाव म्हणते."

त्यांनी एका हाताने केस नीट केले. बटण कोणते ते त्यांना सापडेना, मी दाखवले. मग मी उठलो, दार ओढून घेतले आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. आत बराच वेळ कोणीच काही बोलत नव्हते. मग दोघेही एकदम बोलू लागले.