न्यूरोसायन्स करून काय होता येतं

न्यूरोसायन्सला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी हिंगोलीत सगळ्यांना सांगून टाकलं, लेक डोक्याची डॉक्टर होतेय. मी त्यांना दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मला कळलं गं. पण मोंढ्याच्या बाजारात उभं राहून एवढं लांबण कोण लावणार?" मग मीही गप्प बसले. गप्प बसणं मला पहिल्यापासून सोपं जातं. सगळी शाळा इंग्रजीत झाली, त्यामुळे घरच्या बोलण्यात मला शब्द उशिरा सुचतात, आणि सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

एमएस्सी संपवून बंगळुरूहून घरी आले तेव्हा माझ्या वहीत एक पान होतं. शेवटच्या वर्षी विभागात एक तास आम्हाला पुढच्या वाटा सांगितल्या होत्या, त्या मी तिथे उतरवून घेतल्या होत्या: पीएचडी, औषधांच्या चाचण्या, विज्ञानलेखन, आणि अगदी खाली, दवाखान्यात ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढणं. मला पीएचडीच करायची होती. दोन मुलाखती झाल्या. एकीत मी इतकं हळू बोलले की समोरच्या बाईंनी माझं उत्तर स्वतःच पूर्ण केलं. दोन्हीकडून नकार आला. तिसरी मुलाखत एप्रिलमध्ये होती.

मार्चमध्ये एकदा पुसेगावची आत्या मुलीला घेऊन आली. मुलगी एकोणीस वर्षांची. आठवीत असल्यापासून तिला फिट यायच्या. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या आणि तीन वर्षांत एकही फिट आली नव्हती. नुकताच तिचा साखरपुडा झाला होता. सासरी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

आत्याने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तू शिकलीस म्हणून इचारते. तीन सालं झाले, काहीच तकलीफ न्हाई. आता बंद केल्या तर चालंल ना?"

"बंद कशाला करायच्या?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? सासू येऊन राहिली पुढच्या आठवड्यात. दोन दिवस मुक्काम हाय. तिच्या हाती हे लागलं तर?"

"डॉक्टरांना विचारा की," आई म्हणाली.

"घरची डॉक्टर असताना नांदेडला काहून जाऊ? तिकडं अख्खा दिवस जातो, अन् डॉक्टर दोन मिन्टं बोलतो. ही तर तेवढंबी बोलत न्हाई."

सगळे हसले. मुलगीही हसली, नखांकडे बघत.

गोळ्या अशा एकदम थांबवल्या की फिट परत येतात, कधी आधीपेक्षा जोरात येतात, हे मला माहीत होतं. एक पूर्ण सत्र आम्ही तेच शिकलो होतो. मी म्हणाले, "मी तशी डॉक्टर नाही, आत्या. त्यांना विचारलेलं बरं."

"म्हंजे नको असं काही म्हणली न्हाई," आत्या आईला म्हणाली, आणि चहा आला.

निघताना मुलगी चप्पल घालायला माझ्याजवळ थांबली. "ताई, खरंच चालंल का?"

"तुझे डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. उत्तर बरोबर होतं. अजूनही मला त्यात चूक काढता येत नाही.

सासू येऊन गेली. तिला पाकीट दिसलं नाही, कारण आत्याने ते आदल्या दिवशीच चुलीत टाकलं होतं. त्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या शेतात हळद शिजवायचं काम सुरू होतं. मोठ्या ड्रमांत वाफेवर शिजलेली हळद ताडपत्रीवर ओततात आणि बाया ती पसरत जातात. नुकत्याच ओतलेल्या ढिगाशेजारी मुलीला फिट आली आणि ती त्याच ढिगात पडली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. दवाखान्यात आधी तिचं अंग बराच वेळ धुवावं लागलं. पिवळ्या रंगाखाली कातडी कुठपर्यंत गेली आहे ते दिसत नव्हतं. कामावरच्या बायांमध्ये नवऱ्या मुलाच्या गावच्याही दोघी होत्या. लग्न मोडल्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला.

मी भेटायला गेले तेव्हा आत्या खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

"तुला ठावं होतं?"

"हो."

"मग बोलली काहून न्हाईस?"

ती ओरडली नाही. मुलीने जागी असून डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या मुलाखतीला मी गेले नाही. आता नांदेडला एका खाजगी दवाखान्यात ईईजी काढते; लोक त्याला मेंदूची पट्टी म्हणतात. बाबा मोंढ्यात आता माझा विषय काढत नाहीत. केसांत भांग पाडायचे, लेप लावून वायरी चिकटवायच्या, डोळे मिटून पडून राहा म्हणायचं, एवढंच काम. त्याआधी मी प्रत्येकाला विचारते, गोळी चुकवली का, मनाने बंद केली का. बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना सांगायला लावते, आणि सोबतच्या माणसालाही आत बोलावून ऐकवते. इथल्या सिस्टर म्हणतात, मॅडम, तुमचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येतो.

गेल्या महिन्यात आत्याची मुलगी पट्टी काढायला आली. आत्या बाहेरच थांबली. मी तिची वेणी सोडली. मानेवरची कातडी चुरगळल्यासारखी झाली होती, तिथे हात लागणार नाही असं बघत वायरी लावल्या.

"गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं. आवाज नेहमीइतका मोठा निघाला नाही.

"व्हय," ती म्हणाली. "आता कोणापासून लपवायच्या?"

मी फॉर्मवर लिहिलं, गोळ्या नियमित. मग तिला डोळे मिटायला सांगितलं.