रूळ आणि वंदनाची बोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही.

अंबरनाथला मी स्पॅनिशचे क्लास घेतो. वाक्यात जोर कुठे द्यायचा हे शिकवायची माझी एक पद्धत होती — त्या शब्दाला बाकावर सागवानी रूळ आपटायचा. 'यो लो वी' म्हणजे मी ते पाहिलं. पण मध्ये 'सी' घातला — यो सी लो वी — की मी पाहिलंच, कोण नाही म्हणतो? 'सी'वर धाड! पोरं हसायची, पण विसरायची नाहीत. मला त्याचा केवढा अभिमान होता.

वंदना शेजारच्या शहरातल्या कॅम्प तीन भागात जीन्सच्या कारखान्यात खिसे शिवायची आणि सुट्टीच्या दिवशी शेअर रिक्षाने क्लासला यायची. भाषा आली तर ऑफिसात नोकरी मिळेल, एवढीच तिची आशा. पण ती सगळं एका सुरात म्हणायची, वाणसामानाची यादी वाचावी तसं. त्या दुपारी बाकीचे गेल्यावर मी तिला थांबवलं. तेच वाक्य दहा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्या वेळी ती हसली — घाबरून हसली, हे मला तेव्हाही कळत होतं. मग मी का पेटलो? तिचा हात बाकावर होता. तो दिसलाच नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं! दिसला होता. चांगला दिसला होता. आणि मी 'सी' म्हणून ओरडत रूळ हाणला — सगळी ताकद लावून. हाड मोडल्याचं ऐकू आलं. दोन बोटं. आणि क्षणभर — लिहितानाही लाज वाटते — मला बरं वाटलं.

ती बोटं पुन्हा कधी नीट वळली नाहीत. शिवणकाम सुटलं, क्लासही सुटला.

तिचे वडील जवळच वॉचमन होते, त्या दुपारी तिची किंकाळी ऐकून ते धावत आले. दारात सापडली बोटं, मी म्हणालो. वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. का नाही बोलली? सर होतो ना मी!

"हिचं लक्षच नसतं सर, घरी पण तेच," असं म्हणत त्यांनी तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. मोडका हात ओढणीत गुंडाळून ती उभी होती. त्यांनी पुन्हा हात उचलला, तेव्हा मी तो धरला.

"मारू नका हो पोरीला," मी म्हणालो.

ते माझ्या पाया पडायला वाकले. मी वाकू दिलं.