नवऱ्याच्या नावावरची गाडी

“चारचाकीवाली बाई कोन आहे? समोर या.”

शाळेचा हॉल बायांनी गच्च भरला होता. पंखा एकच, तोही बाबूच्या टेबलावर. सरकार बायांच्या खात्यात दरमहा पैसे टाकतं त्या योजनेची फेरतपासणी चालली होती. आधार कार्ड, पासबुक, रेशन कार्ड, सगळं पिशवीत घालून आम्ही सकाळपासून फरशीवर बसलो होतो. चारचाकीवाली म्हटल्यावर मीही मान वळवून बघितलं. म्हटलं, बघू तरी कोण आहे ही श्रीमंतीण. मग बाबूनं माझं नाव वाचलं.

मी उठले. पदराला पीठ लागलेलं होतं. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते, तिथूनच आले होते.

“गाडी कुठी लावली मॅडम? बाहेर जागा भेटली ना?”

हॉल हसला. माझ्या बस्तीतल्या बायाही हसल्या. मला वाटलं, नावात काही घोळ झाला असेल. मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडं सायकल आहे. ते बी पंक्चर.” त्यावर आणखी हसले. बाबूनं मॉनिटर माझ्याकडे फिरवला. नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. पत्ता आमचाच. खाली गाडीचा नंबर.

तो नंबर मला पाठ होता. माझा नवरा रामदासपेठेत एका साहेबांकडे ड्रायव्हर आहे. साहेबांचा बांधकामाचा धंदा. त्यांची ती पांढरी मोठी गाडी, जी माझा नवरा रोज सकाळी धुतो, पुसतो, आणि वरून धूळ बसली तर शिव्या खातो.

माझी वाचाच बसली. आणि मी गप्प राहिले म्हणजे मी कबूल केलं, असंच झालं. बाबू सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, “घरी चारचाकी ठेवता अन् गरिबाचे पैसे खाता. लाज नाई वाटत?” त्यानं एक कागद पुढे सरकवला. आतापर्यंत मिळालेले सगळे पैसे हप्त्यानं परत करीन, असं त्यावर होतं. नाही भरले तर रेशन कार्डही जाईल, हे तोंडी सांगितलं. मी बारावी शिकलेली बाई. कागद वाचला, समजला, आणि तरी सही केली. त्या हॉलमधून बाहेर पडायचं होतं, बस.

संध्याकाळी नवऱ्याच्या हातात चहा दिला आणि विचारलं, “साहेबाची गाडी तुमच्या नावावर काहून आहे?”

त्यानं कप खाली ठेवला. 

“साहेब म्हनले, माह्या नावावर लय गाड्या झाल्या, टॅक्सचं लफडं होते. तू घरचा मानूस आहेस, एक सही कर. मी केली.”

“मले सांगितलं काहून नाही?”

“त्यात सांगाचं काय होतं वं? सहीच तं होती.”

घरचा माणूस. या घरच्या माणसानं डब्यात सुकट नेली होती, तर साहेबांच्या मॅडमनी गाडीत सेंट मारला आणि त्याला पार्किंगच्या कोपऱ्यात उभ्यानं जेवायला लावलं. आमच्या पोरीला डेंगू झाला, ताप उतरेना, तेव्हा त्यानं दवाखान्यात जायला गाडी मागितली. मॅडम म्हणाल्या, सीट नव्या आहेत, हिनं उलटी केली तर? आम्ही ऑटोनं गेलो. पोरगी माझ्या मांडीवर तापानं फणफणत होती आणि कागदावर तिच्या बापाची गाडी साहेबांच्या बिल्डिंगखाली सावलीत उभी होती. हे आठवलं आणि मला घरातल्या घरात ओरडावंसं वाटलं.

मी नवऱ्याशी बोलणं सोडलं. मग माझं मलाच कळलं, याच्यावर चिडून उपयोग नाही. या माणसानं आयुष्यात कोणत्याही मालकाला ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. त्याच्या बापानंही म्हटलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो शब्द त्याच्या तोंडात येणार कुठून?

मी मॅडमकडे गेले. त्यांनी दारातच उभं केलं. मी म्हटलं, “मॅडम, गाडी तुमची आहे एवढं लिहून द्या. मंग मले पैसे भरा लागनार नाही.”

मॅडमनी आकडा विचारला. मी सांगितला.

“एवढेच? अगं, मग भरून टाक ना. तुम्हा लोकांना फुकटाची सवय लागली आहे. सरकार देतं तेव्हा बरं वाटतं, परत मागितलं की रडता.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि हे बाहेर बोलत बसू नकोस. तुझ्या नवऱ्याची नोकरी आहे ना आमच्याकडे?”

जाताना त्यांनी जुन्या पडद्यांची पिशवी हातात दिली. माझ्या घराला खिडकी एक. तिला साडीचा तुकडा लावलेला. पडदे होते जमिनीवर लोळणारे.

मग हप्ते सुरू झाले. मेसचे पैसे हातात पडले की आधी सरकारचे बाजूला. उरलेल्यात घर. वरण पातळ झालं, मग एका दिवसाआड झालं. पोरीचा टायपिंगचा क्लास सुटला. ती म्हणाली, “मले तसाबी आवडत नव्हता वं आई,” आणि मी ते खरं मानल्यासारखं केलं. उन्हाळा आला तसं कूलरमधलं गवत बदलायला हवं होतं. बदललं नाही. कूलर गरम हवाच फेकायचा, वर कुजका वास. नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली काय होतं ते पत्र्याखाली राहणाऱ्यालाच माहीत. आम्ही ओली चादर अंगावर घेऊन पडायचो.

बचत गटात कर्ज मागितलं. अध्यक्ष बाई माझ्याच गल्लीतली. ती म्हणाली, “तुह्या घरी तं मोटार आहे वं. गरजू बायांले आधी देऊ.” बाकीच्या बाया माना खाली घालून वहीत बघत बसल्या. मॅडमचं बोलणं मी गिळलं होतं. हे गिळलं गेलं नाही. पौर्णिमेला विहारात वंदनेला गेले तर शेजारची बाई हळूच सरकून बसली. आमच्या आज्यापणज्यांनी शिवाशिवीत जन्म काढले, छप्पनला दीक्षा घेऊन ते सगळं टाकून दिलं. आणि आता त्यांच्याच नातवंडांत मी वेगळी पडले, त्या गाडीपायी जिच्यात मी कधी बसले नाही. चोराचं जगणं कसं असतं ते मला चोरी न करताच कळलं.

खरं बोलले तर नवऱ्याची नोकरी जाते. नाही बोलले तर मी खोटारडी. हप्ता भरून घर चालवायला साहेबांचा पगार लागतो आणि तो पगार मी गप्प राहिले तरच येतो. म्हणजे माझ्या गप्प राहण्याचे पैसे मीच भरत होते. पोळ्या लाटता लाटता हाच हिशेब डोक्यात फिरायचा. मेसमधली पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची, मोठमोठ्यानं राज्यघटनेचे प्रश्न एकमेकांना विचारायची. मी ऐकायची आणि पुढची पोळी तव्यावर टाकायची.

पाऊस संपता संपता नवरा एकदा खुशीत घरी आला.

“सुटलो वं. साहेबानं नवी गाडी बुक केली. जुनी विकून राहिले. उद्या कागदावर सही मारतो, गाडी आपल्या नावावरून उतरते.”

मी भाकर थापत होते. हात थांबला.

“विकल्याचे पैसे कोनाले भेटतीन?”

“साहेबाले. अजून कोनाले?”

“अन् कागदावर?”

कागदावर गाडी आम्ही विकलेली असणार होती. कागदावर पैसे आमच्या हातात आलेले असणार होते. आज निदान गाडी साहेबांच्या बिल्डिंगखाली उभी होती. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बघावी, वॉचमनला विचारावं. ती एकदा गेली की आमच्या खरेपणाला पुरावा म्हणून काहीच उरणार नव्हतं. गाडी होती, ती विकून खाल्ली आणि वर सरकारचेही खाल्ले, असंच जन्मभर ऐकायचं. भाकर करपली. मी ती तशीच ताटात वाढली आणि म्हटलं, “उद्या मी बी येते.”

साहेबांच्या ऑफिसात गाड्यांचा दलाल बसला होता. कागद तयार होते. नवऱ्याला कोणी खुर्ची दिली नाही, त्यानंही घेतली नाही. तो वाकून सही करायला गेला. मी कागदावर हात ठेवला.

“सही होनार नाही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “ही कोण?”

“घरची आहे साहेब,” नवरा म्हणाला.

“मी गाडीच्या मालकाची बायको,” मी म्हटलं.

दलालाला हसू आलं. साहेबांचं तोंड बघून त्यानं ते आवरलं. मी सगळं सांगितलं. गाडी तुम्ही घेतली, पैसे तुम्ही दिले, वापरली तुम्ही. एवढं सहीनिशी लिहून द्या. मग हे सही करतील.

“तुझे किती भरायचे राहिलेत?” साहेबांनी ड्रॉवर उघडला. “अरे, एवढ्यासाठी आलीस? मी देतो ना. आधी भरलेले पण घे.”

त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या. पोरीचा क्लास, घट्ट वरण, गटाचं तोंड न बघता काढायचे महिने, सगळं त्या टेबलावर होतं. खोटं कशाला बोलू, माझा हात शिवशिवला.

“पैसे नको. लिहून द्या.”

“लिहून नाही मिळणार.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस नोटा द्यायला तयार होता, एक ओळ द्यायला तयार नव्हता. नोटा मोजून विसरता येतात. ती ओळ उद्या टॅक्सवाल्यांपुढे ठेवता आली असती, तिला तो घाबरत होता. पिठाच्या पदराची बाई समोर उभी आणि साहेबांच्या कपाळाला एसीत घाम. मी आजवर समजत होते की भीती फक्त आमच्याच घरात राहते.

“उद्यापासून येऊ नकोस,” साहेब नवऱ्याला म्हणाले.

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, “करू दे वं सही.”

“करा,” मी म्हटलं. “हात तुमचा आहे. पन मंग पोरीले तुमीच सांगा, तुह्या मायनं चोरी केली म्हनून.”

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. मान काही वर केली नाही. पण पेन ठेवलं.

आता तो भाड्याचा ऑटो चालवतो. मालकाचं भाडं आणि गॅस गेला की थोडंच उरतं. मी मेसमध्ये दोन्ही वेळच्या पोळ्या घेतल्या आहेत, मनगट सुजलेलं असतं. घरात भांडणं होतात. तो म्हणतो, तुह्यापायी नोकरी गेली. गेली. मी नाही म्हणत नाही.

मी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. साहेबांचं पूर्ण नाव घातलं, गाडी कुठे उभी असते ते लिहिलं, तिला पेट्रोल कोण भरतं ते लिहिलं. राहिलेले हप्ते भरणार नाही आणि भरलेले परत हवेत, हेही लिहिलं. अर्ज घ्यायला बाबू तयार नव्हता. मी त्याच्या टेबलासमोर खाली बसले आणि पोच घेऊनच उठले. उत्तर अजून आलेलं नाही.

साहेबांचा माणूस दोनदा येऊन गेला. एकदा मिठाई घेऊन, एकदा धमकी घेऊन. पोलिसात देऊ म्हणाला. मी म्हटलं, “द्या. पोलीस पयले विचारतीन गाडी कोनाची, तवा काय सांगसान?” तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि मी मुद्दाम मोठ्यानं बोलले होते.

रेशन कार्ड जाईल तर जाईल. ऑटो बंद पडला तर दुसरं काही बघू. साहेबांनी लिहून द्यावं, नाहीतर ती गाडी आहे तिथं गंजू द्यावी. सही होणार नाही.