मुळ्ये सर काय धरून चालले होते

मुळ्ये सरांचा निरोप घेणं सोपं नव्हतं. "येते सर," म्हटलं की ते हसून विचारत, "म्हणजे तू परत येईपर्यंत मी इथेच असणार, असं धरून चाललीस?" मग आपण दारातच अडकायचो.

पलासियातल्या एका कोचिंग क्लासमध्ये ते बँकेच्या परीक्षेसाठी रीझनिंग शिकवत, मी इंग्रजी. फळ्यावर एखादं साधं वाक्य लिहायचं आणि त्यात न बोलता मानलेली गोष्ट मुलांकडून काढून घ्यायची, यात त्यांचा हातखंडा. "'लवकर निघा, गाडी चुकेल.' बोलो, इसमें मान के क्या चले?" मागून कुणीतरी म्हणे, "सर, गाड़ी टाइम पे है." सर एकदम खूश. "वा भिया!"

त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यावर अन्नपूर्णा भागातल्या घरी ते एकटेच राहत. रायपूरचा मुलगा फोनवर सारखा म्हणे, "बाबा, तिथे एकटे काय करता? इकडे या." सर मला म्हणाले, "यात तो काय धरून चाललाय? तिकडे गेलो की मी एकटा नसेन."

पुढे क्लास ऑनलाइन झाला. रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर सर प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी थांबत. "सरजी, ये गैप काटना पड़ता है," रेकॉर्डिंग करणारी मुलगी म्हणाली. "तू काट ना बेटा. मला थांबू दे." थोड्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं आणि रायपूरला जायचं ठरवलं.

जाण्याआधी त्यांनी जुन्या बॅचला आणि मला रविवारी सकाळी पोह्यांना बोलावलं. ग्रुपवर भराभर "पक्का, सर!" आलं. मी पोचले तेव्हा ओट्यावर भली मोठी कढई वाफाळत होती. शेजारी शेव, जीरावन मसाला, चिरलेला कांदा. बैठकीत शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या.

मुलांपैकी कुणीच आलं नाही. सर फाटकापर्यंत जाऊन येत राहिले. पोहे कोरडे पडू लागले, तसा त्यांनी वरून पाण्याचा हबका मारला.

"रविवारीच परीक्षा असतात, सर," मी म्हटलं.

"असतील. मीच काहीतरी धरून चाललो."

ती आमची शेवटची भेट. त्यांनी मला बशी भरून दिली आणि समोर बसून मी खाताना पाहत राहिले. भूक नव्हती, तरी मी रिकामी बशी पुन्हा पुढे केली. सर उठले आणि त्यांनी डाव भरून वाढलं.